फुग्यांच्या तक्त्यातही माप पूर्ण हवे

देगचीच्या झाकणाचा व्यास दुप्पट केला तर पत्रा किती लागेल, असे तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा. दहा इंचांच्या झाकणाला जेवढा पत्रा लागतो त्याच्या चौपट पत्रा वीस इंचांच्या झाकणाला लागतो, हे तो कागद-पेन्सिल न घेता सांगेल. गोल टेबलक्लॉथ बेतणाऱ्या शिंप्याला हे ठाऊक असते, केकचे साचे भरणाऱ्या बेकरीवाल्यालाही ठाऊक असते. शाळेत भूमिती नावडती राहिली असली तरी हातांनी ती केव्हाच शिकून घेतलेली असते.

मात्र हीच मंडळी एखाद्या कंपनीच्या एजंटासमोर बसली आणि त्याने लॅपटॉप उघडून रंगीबेरंगी फुग्यांचा तक्ता दाखविला, की हातातले हे ज्ञान बाजूला राहते. मोठा फुगा दिसला की "धंदा मोठा" एवढेच मनात ठसते. किती मोठा, कशाच्या मानाने मोठा, आणि काढणाऱ्याने तो मोठेपणा कोणत्या मापाने मोजला, हे कोणी विचारीत नाही. एजन्सी घ्या, दुकानाची शाखा घ्या, हलाल गुंतवणुकीच्या अमुक योजनेत पैसे घाला, असे सांगायला येणाऱ्यांच्या हातात आजकाल असे तक्ते हमखास असतात. तेव्हा हा तक्ता वाचायचा कसा, आणि आपल्या दुकानासाठी तो काढायचा कसा, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

बबल चार्ट म्हणजे काही गूढ वस्तू नव्हे. एक आडवी रेघ, एक उभी रेघ. आडव्या रेघेवर एक आकडा, उभ्या रेघेवर दुसरा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे एक गोल. त्या गोलाचा आकार हा तिसरा आकडा. एकाच कागदावर प्रत्येक मालाच्या तीन गोष्टी एकदम दिसतात, हा याचा मोठा फायदा. साध्या स्तंभांच्या तक्त्यात एका वेळी एकच दिसते.

खोट शिरते ती तिसऱ्या आकड्यात. समजा एका मालाची विक्री एक लाखाची आणि दुसऱ्याची तीन लाखांची. काढणाऱ्याने पहिल्या गोलाचा व्यास एक सेंटिमीटर घेतला आणि दुसऱ्याचा तीन सेंटिमीटर. वरवर पाहता हिशेब बरोबर वाटतो. पण बघणाऱ्याचा डोळा व्यास पाहात नाही, तो गोलाने व्यापलेली जागा पाहतो. आणि ती जागा तिप्पट नव्हे, नऊपट झाली. तिपटीचा माल नऊपट करून दाखविला गेला. एखाद्याने अज्ञानाने केले असेल, एखाद्याने जाणूनबुजून. पदरात कमी पडणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने काय फरक पडतो?

आम्ही याला मापात मारणेच म्हणू. कुरआनमधील सूरह मुतफ्फिफीन हे नावच मुळी मापात कसूर करणाऱ्यांवरून पडले आहे. आपल्याकडे तराजू आणि गजपट्टी यांच्यापुरताच त्याचा अर्थ घेण्याची सवय पडून गेली. किलोच्या वजनाखाली मेण चिकटविणारा आपल्याला लगेच ओळखू येतो. फुग्याचा व्यास ताणणारा मात्र "प्रोफेशनल" ठरतो! ज्या कागदाच्या भरवशावर माणूस आपली जमापुंजी पुढे करतो तो कागदही तराजूच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बरोबर रीत अशी की गोलाची जागा आकड्याच्या प्रमाणात हवी, म्हणजेच त्रिज्या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवी. आकडा चौपट, तर त्रिज्या दुप्पट. आकडा नऊपट, तर त्रिज्या तिप्पट. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १८०१ साली युरोपातील देशांचे क्षेत्रफळ दाखविण्यासाठी गोल काढले तेव्हा याच रीतीने काढले होते. आणि त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकातील बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात वर्तुळाचे क्षेत्रफळ कसे काढावे हे सांगितले आहे. तो ग्रंथ वारसावाटप, व्यापार आणि जमिनीची मोजणी अशा रोजच्या कामांसाठी लिहिला होता. त्यांच्या नावाने जलशांत भाषणे पुष्कळ होतात. त्यांचे वर्गमूळ दुकानाच्या गल्ल्यावर यायला हवे.

आता आणखी एक अडचण. गोल अगदी काटेकोर काढला तरी डोळा त्याला पूर्ण न्याय देत नाही. दोन रेघांपैकी कोणती किती लांब हे आपण बऱ्यापैकी अचूक सांगतो. दोन गोलांपैकी मोठा किती पट मोठा, यात बहुतेकांचा अंदाज चुकतो, आणि तो सहसा कमी पडतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली यावर प्रयोगांसह लिहिले. त्यांच्या क्रमवारीत, एकाच पट्टीवरील जागा ओळखण्यात माणूस सर्वात अचूक, त्यानंतर लांबी, आणि क्षेत्रफळ त्याच्याही खाली. यातून आपल्या कामाचा नियम निघतो: ज्या आकड्यांवर निर्णय अवलंबून आहे ते दोन्ही रेघांवर घालावेत, फुग्याच्या आकारात तो आकडा घालावा ज्याचा केवळ भार कळला तरी पुरे. फुग्यावरून कोणी रुपया-आण्याचा हिशेब मागू नये.

फुग्यांच्या तक्त्याचे जगात सर्वात नावाजलेले उदाहरण स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचे. ते २०१७ साली वारले. कॅलिफोर्नियात २००६ साली दिलेल्या त्यांच्या भाषणात पडद्यावर देशोदेशीचे फुगे होते, फुग्याचा आकार म्हणजे त्या देशाची लोकसंख्या, आणि वर्षे पुढे सरकतील तसे फुगे जागा बदलत होते. आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे ते त्यांचे दुसरे भाषण, २०१२ साली कतारच्या दोहा शहरात झालेले. विषय होता धर्म आणि मुलांची संख्या. आडव्या रेघेवर दरडोई उत्पन्न, उभ्या रेघेवर एका स्त्रीमागे मुले किती, आणि फुग्यांना रंग त्या त्या देशातील बहुसंख्यांच्या धर्माप्रमाणे. वर्षे सरकू लागली तसे सर्व रंगांचे फुगे खाली उतरत गेले. मुस्लिम देशांचे फुगे वरच अडकून राहिले, असे घडले नाही. आपल्या देशातही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रियांमागे मुलांचे प्रमाण १९९२-९३ साली ४.४ होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत २.३६ वर आले. ज्या विषयावर वर्षानुवर्षे आरडाओरडा चालतो त्याचे उत्तर त्या गृहस्थाने आवाज न चढविता, काही फुगे खाली सरकवून दिले. तक्ता खरा असला तर त्याची ताकद अशी असते.

त्या तक्त्यातही भारत आणि चीन यांचे अवाढव्य फुगे डोळा ओढून घेतात व छोटे देश झाकले जाण्याची भीती राहते, हे ओघात सांगून ठेवतो. दोष प्रत्येक हत्यारात असतो. पटाशीने स्क्रू फिरवायला गेलो तर पटाशीची धार जाते.

असो. आता आपल्या दुकानाकडे वळू. एका कापडदुकानाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. दुकानात चार प्रकारचा माल आहे असे धरू. लुंगी-बनियनमध्ये भांडवल ४०,००० रुपये, खरेदीवर नफा शेकडा ८, आणि माल वर्षातून १० वेळा फिरतो. टॉवेल-चादरीत ९०,००० रुपये, नफा शेकडा १२, माल ६ वेळा फिरतो. अबाया आणि हिजाबमध्ये १,६०,००० रुपये, नफा शेकडा २२, माल ५ वेळा फिरतो. लग्नाच्या शेरवान्यांत ३,६०,००० रुपये गुंतलेले, नफा शेकडा ३५, पण माल वर्षातून एकदाच फिरतो.

दुकानदाराला विचारा, कोणता माल चांगला? दहापैकी आठ जण शेरवानी म्हणतील. एका नगावर सुटणारे पैसे त्यांना दिसतात. आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेघेवर माल वर्षातून किती वेळा फिरतो ते, उभ्या रेघेवर शेकडा नफा. मुलाच्या कंपासपेटीतील कर्कटक घ्या. भांडवलाचे वर्गमूळ काढा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ते निघते. ४०,००० चे २००, ९०,००० चे ३००, १,६०,००० चे ४००, ३,६०,००० चे ६००. प्रत्येकाला ५० ने भागा. त्रिज्या मिळाल्या ४, ६, ८ आणि १२ मिलिमीटर. या त्रिज्यांचे गोल त्या त्या जागी काढा आणि आत नाव लिहा.

शेरवानीचा गोल सर्वात वर, पण अगदी डाव्या कोपऱ्यात, आणि सर्वांत मोठा. लुंगीचा गोल खाली उजवीकडे, चिमुकला. अबायाचा मधोमध. कागद जरा लांब धरून पाहा. सर्वात जास्त पैसा सर्वात कमी हलणाऱ्या जागी बसला आहे, हे सांगायला मुनीम लागत नाही. आता आकडा पक्का करण्यासाठी गुणाकार करा. गुंतविलेल्या रुपयावर वर्षाकाठी लुंगी ८० पैसे देते, टॉवेल-चादर ७२ पैसे, अबाया १ रुपया १० पैसे, आणि ज्या शेरवानीच्या नफ्याचे एवढे कौतुक, ती देते ३५ पैसे. साडेसहा लाखांच्या भांडवलापैकी निम्म्याहून अधिक शेरवान्यांत, आणि सुमारे चार लाखांच्या ढोबळ नफ्यात त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

याचा अर्थ शेरवानी विकणे बंद करा असा कोणी घेऊ नये. नवरदेवाची शेरवानी घ्यायला आलेले घर बाकीचा बस्ताही तिथेच बांधते, आणि ते या तक्त्यात कुठेच दिसत नाही. फुगे फक्त प्रश्न पुढे ठेवतात. इथे प्रश्न असा की एवढ्या शेरवान्या रचून ठेवण्याऐवजी नमुन्यादाखल थोड्या ठेवून, मापे व आगाऊ रक्कम घेऊन बनवून देता येतील काय? ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याचा व्यवहार, ज्याला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात, तो आपल्या कारागिरांना नवा नाही. त्यातून सुटणारा पैसा अबायाकडे वळविता येईल, पण मोहल्ल्यात तेवढी जादा गिऱ्हाइकी आहे की नाही हे दुकानदारानेच ठरवायचे. रुपयाला १ रुपया १० पैसे हा हिशेब आजच्या विक्रीवर आहे. भांडवल दुप्पट केले की विक्रीही दुप्पट होईल, असा लेखी करार कोणी करून दिलेला नाही.

कारागिराने रेघा बदलाव्यात. सुतार किंवा शिवणकाम करणारा असेल तर आडव्या रेघेवर एका नगाला लागणारे तास, उभ्या रेघेवर मजुरी सुटून हाती राहणारी रक्कम, आणि फुगा म्हणजे वर्षभरात किती नग झाले. डावीकडे वर छोटा फुगा दिसला, तर थोड्या तासांत चांगले पैसे देणारे काम आपण फारच कमी घेत आहोत. उजवीकडे खाली मोठा फुगा दिसला, तर वर्षभर कोणासाठी राबलो हे कळेल.

चारच प्रकार असतील तर हा सगळा खटाटोप करू नका. साध्या वहीत चार ओळी लिहिल्या तरी भागते. वरचे उदाहरण रीत कळावी म्हणून लहान घेतले. दहा ते पंचवीस प्रकारचा माल असेल तेव्हा वहीच्या ओळी डोक्यात राहात नाहीत आणि फुगे उपयोगी पडतात. त्याच्या वर गेलो की फुग्यांवर फुगे चढतात व कागद म्हणजे साबणाचा फेस होतो. महिन्यागणिक विक्री किती, यासाठी तर हा तक्ता मुळीच नको. तिथे साधी रेघ किंवा स्तंभ बरे. आणि तोटा फुग्याच्या आकारात दाखविता येत नाही, कारण उण्या आकाराचा गोल असत नाही. तोटा दाखवायचा तर उभ्या रेघेवर शून्याच्या खाली दाखवावा.

आता संगणकाचे. आपल्या घरांतील पदवीधर मुले-मुली एक्सेल जाणतात, त्यांच्यासाठी हे थोडे. एक्सेलमध्ये हा तक्ता तयार मिळतो. आडवा आकडा, उभा आकडा आणि आकार असे तीन रकाने द्यायचे. फुग्याचा आकार क्षेत्रफळाने की रुंदीने, असा पर्याय त्यात असतो. तो क्षेत्रफळावरच ठेवावा. रुंदीचा पर्याय निवडला की वर सांगितलेली नऊपटीची लबाडी यंत्रच करून देते. दुसरा फसवा भाग असा की एक्सेल प्रत्येक तक्त्यातला सर्वात मोठा फुगा त्या तक्त्याच्या मानाने ठराविक आकाराचा काढते. गेल्या वर्षाचा तक्ता वेगळा आणि यंदाचा वेगळा काढून शेजारी ठेवले, तर दोन लाखांचा फुगा आणि पाच लाखांचा फुगा सारखेच दिसू शकतात. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात, दोन रंगांत घालावेत. रंग फिका ठेवावा म्हणजे एकाखाली दुसरा दडत नाही. लाल-हिरव्याची जोडी टाळावी, काही माणसांना तो फरक दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये तर कोणालाच दिसत नाही. चेंडूसारखे फुगवटा असलेले त्रिमिती फुगे हौसेलाही काढू नयेत.

याच गोष्टी उलट्या फिरवून समोर आलेल्या एजंटाला विचाराव्यात. दोन्ही रेघांवर आकडे आणि परिमाण लिहिले आहे काय? कोपऱ्यात "एवढा गोल म्हणजे एवढे रुपये" असा नमुन्याचा गोल छापला आहे काय? नसेल तर तो तक्ता म्हणजे वजनच न लिहिलेले वजन आहे. आकार क्षेत्रफळाने काढला की व्यासाने? आणि हे आकडे झालेल्या विक्रीचे आहेत की होणाऱ्या विक्रीच्या अंदाजाचे? शेवटचा प्रश्न सर्वात आधी विचारला तरी चालेल. शंका राहिली तर त्याच्याकडून मूळ आकडे मागून घ्यावेत आणि घरी मुलाकडून तक्ता पुन्हा काढून पाहावा. आकडे द्यायला जो कां-कूं करतो त्याच्या फुग्यांत हवा आहे असे खुशाल समजावे. पैशाच्या बाबतीत भिडस्तपणाने आपल्या समाजाचे फार नुकसान केले आहे. ओळखीतल्या माणसाने आणलेली योजना, मग कागद कशाला तपासायचा, या संकोचापायी अनेकांची आयुष्याची बचत गेलेली आहे.

राहता राहिला प्रश्न आकडे आणायचे कोठून याचा. आमचे व्यापारी म्हणतील की प्रत्येक मालाचा वेगळा हिशेब ठेवायला वेळ कोणाला आहे. पण जकात देणारा व्यापारी वर्षातून एकदा दुकानातील मालाची मोजदाद करतोच. अनेक जण ती रमजानच्या सुमारास करतात. त्या वेळी एकूण रकमेवर अडीच टक्के काढून वही मिटली जाते. तीच मोजदाद प्रकारवार लिहिली की फुग्यांसाठी भांडवलाचा रकाना तयार झाला. एवढे मात्र ध्यानात असू द्यावे की जकातीसाठी मालाची किंमत सामान्यतः त्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, आणि अडकलेले भांडवल पाहायचे तर खरेदीचा भाव हवा. म्हणून रकाने दोन करावेत. माल किती वेळा फिरला हे वर्षभराच्या खरेदीला सरासरी शिल्लक मालाने भागले की ढोबळमानाने निघते, आणि खरेदीची बिले जीएसटीमुळे आता बहुतेकांकडे असतातच.

काढलेला कागद फेकू नये. त्यावर हिजरी आणि इसवी दोन्ही तारखा घालून तो गल्ल्यात ठेवावा. पुढच्या वर्षी काढताना वर्गमुळाला पुन्हा ५० नेच भागावे, भांडवल वाढले म्हणून भागाकार बदलू नये. नाही तर दोन्ही वर्षांचे फुगे एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत.